नवा लॅपटॉप आणि लाल झालेला सी ड्राइव्ह: जागा कोण खातंय ते शोधायचं कसं

कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत किंवा गणपती-दिवाळीच्या आसपास ठाणे-नवी मुंबईत घरोघरी नवा लॅपटॉप येतो. पंधरा दिवस जातात, कोणीतरी ‘धिस पीसी’ उघडतं आणि सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ती पट्टी लाल करतं. घरातले सगळे सांगतात, आम्ही काहीच टाकलं नाही. बहुतेक वेळा ते खरं असतं. जागा माणसाने भरलेली नसते, कुठल्यातरी सेटिंगने भरलेली असते.

अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. फॉरमॅटने जागा मोकळी होते हे खरं, पण तेच खातं, तीच अॅप्स आणि तीच सेटिंग परत आली की पंधरा दिवसांनी पट्टी पुन्हा लाल होते. शिवाय मधल्या काळात कॉलेजचे फॉर्म आणि फोटो गेलेले असतात ते वेगळंच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजा, मग कारण पकडा, मग पुसा. खालच्या पायऱ्या विंडोज ११ साठी आहेत. विंडोज १० मध्येही बहुतेक गोष्टी तशाच आहेत, फक्त त्याला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे लक्षात असू द्या.

मेन्यूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि आज्ञाही इंग्रजीतच टाइप करायच्या आहेत.

मुळात किती जागा मिळायला हवी होती?

खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ४७६ दाखवतं. इथे कोणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे १,००,००,००,००० बाइटांना एक जीबी म्हणतात, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना. त्या हिशेबाने २५६ चे २३८ होतात, ५१२ चे ४७६ आणि एक टीबीचे ९३१. हे आकडे पाठ असलेले बरे, कारण दुकानात उभं असताना लगेच पडताळता येतं.

त्यातून पुढची वजावट होते. विंडोज आणि त्याच्या अपडेट्सचे तीस-चाळीस जीबी धरा. अपडेट अडू नये म्हणून विंडोज साधारण ७ जीबी जागा राखून ठेवतं. हायबरनेशनची (उघडं काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याची) फाइल सुरुवातीच्या सेटिंगमध्ये रॅमच्या ४० टक्के असू शकते, म्हणजे १६ जीबी रॅमला ६.४ जीबी. पेजफाइलचे (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं त्या डिस्कवरच्या फाइलचे) काही जीबी, कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनचे (विंडोज परत बसवण्यासाठी राखलेल्या डिस्कच्या भागाचे) काही जीबी. म्हणजे ५१२ च्या कोऱ्या लॅपटॉपवर चारशेच्या आसपास मोकळे दिसले तर सगळं ठीक आहे. २५६ च्या लॅपटॉपवर मात्र सुरुवातच तंग असते. तिथे एक चुकीची सेटिंगही महिनाभर टिकू देत नाही.

आता टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा), ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि ‘डिस्क ०’ वर क्लिक करा. तिथे डिस्कचं मॉडेल आणि क्षमता दिसते. ती बिलाशी जुळते का पाहा. जुळत नसेल तर पुढचं काही करू नका. स्क्रीनचा फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सी छोटा, डी रिकामा

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं कारण हे आहे, आणि गूढ म्हणावं असं त्यात काही नाही. लॅपटॉप देताना दुकानदार ‘सोय’ म्हणून डिस्कचे दोन भाग करून देतो: सी ला १०० जीबी, डी ला उरलेले ३७६. ही सवय जुन्या काळातली आहे, जेव्हा दर वर्षी विंडोज नव्याने टाकावं लागे. आज विंडोज, सगळी अॅप्स, व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे सगळं सी वरच जातं. सी गुदमरतो आणि डी ओस पडलेला असतो.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी च्या उजवीकडे लगेच डी असेल आणि डी मध्ये काही महत्त्वाचं नसेल, तर डी वर राइट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’ आणि मग सी वर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. पाच मिनिटांचं काम आहे. पण ‘डिलीट व्हॉल्यूम’ म्हणजे डी मधलं सगळं गेलं, हे दोनदा वाचा. एक्स्टेंडचा पर्याय करडा दिसला तर सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरीचं पार्टिशन बसलेलं असतं. ते पुसण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. तसंच, नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असू शकते. म्हणून पार्टिशनला हात लावण्याआधी खात्यात जाऊन या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

डी ठेवायचाच असेल तर डाउनलोड्स तिकडे हलवा. आधी डी मध्ये ‘डाउनलोड्स’ नावाचं फोल्डर तयार करा, मग मूळ डाउनलोड्सवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’ आणि ते नवं फोल्डर निवडा. इथे एक चूक हमखास होते. फोल्डर न करता थेट डी ड्राइव्ह निवडला जातो, आणि मग अख्खा डी ड्राइव्हच ‘डाउनलोड्स’ म्हणून दिसू लागतो. तो गुंता सोडवायला अर्धा दिवस जातो.

जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये याचा भाऊबंद सापडतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन बांधलं, त्यात एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क दोन्ही आहेत, पण हार्ड डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही. ती कोरी आहे एवढंच. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ती ‘इनिशियलाइझ’ करायची का असं विचारतं. ‘जीपीटी’ निवडा, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’. मात्र ही डिस्क जुन्या संगणकातून काढलेली असेल आणि तिच्यात डेटा असेल, तर इनिशियलाइझ करू नका. आधी तिचा डेटा वाचवा.

चार दिवस वही ठेवा

आतापर्यंतच्या गोष्टींत कारण सापडलं नाही तर खरी शोधाशोध सुरू होते. एका कागदावर तारीख, वेळ आणि सी मधली मोकळी जागा दशांशासकट लिहा. सकाळी एकदा, रात्री एकदा. पुसापुशी अजून करायची नाही, कारण पुसलं की आकडे बिघडतात आणि माग हरवतो.

दुसऱ्या रात्री लॅपटॉप चालू ठेवा, वायफाय बंद करा आणि झोप मोड येणार नाही अशी सेटिंग करा. सकाळी मोकळी जागा तेवढीच असेल तर जागा भरणारं ओझं इंटरनेटवरून येतंय, म्हणजे अपडेट, क्लाउड (इंटरनेटवरची साठवण) किंवा व्हॉट्सअॅपसारखं अॅप. वायफाय बंद असूनही जागा घटली तर दोषी संगणकाच्या आत आहे: रेकॉर्डिंग, लॉग फाइल (प्रोग्रामची नोंदवही), क्रॅशची नोंद किंवा रिस्टोर पॉइंट (विंडोजला मागच्या स्थितीत नेण्याची सोय). या एका रात्रीच्या चाचणीने शोध निम्म्यावर येतो, तरी ती फारसं कोणी करत नाही.

तिसरी खूण रीस्टार्टची. रीस्टार्ट केल्यावर पाच-दहा जीबी परत मिळत असतील तर पेजफाइल फुगत होती किंवा एखादं अॅप तात्पुरत्या फाइली सोडत होतं. ८ जीबी रॅमवर क्रोमचे चाळीस टॅब आणि ऑनलाइन क्लास एकदम चालवले की पेजफाइल वाढणारच. तिथे उपाय रॅम वाढवण्याचा आहे. पेजफाइल बंद करू नका, अॅप्स मध्येच बंद पडू लागतात.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक आहे हेही इथे सांगायला हवं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं. चाचणीसाठी नेहमी ‘रीस्टार्ट’च दाबा.

जागा कुठे आहे ते डोळ्यांनी बघा

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’ इथे विंडोजचा स्वतःचा हिशेब असतो. ‘शो मोअर कॅटेगरीज’ दाबा. ‘सिस्टम अँड रिझर्व्ह्ड’, ‘टेम्पररी फाइल्स’, ‘अदर’ अशा ओळी दिसतील. ‘अदर’ मोठं असेल तर इथून फारसं कळणार नाही.

काही जण सी मधली सगळी फोल्डरं सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघतात. बेरीज येते १२० आणि ड्राइव्ह सांगतो २१०. उरलेले ९० कुठे गेले म्हणून घाबरायला होतं. उत्तर साधं आहे. लपवलेल्या सिस्टम फाइली (हायबरफिल, पेजफाइल), ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे कुलूपबंद फोल्डर आणि घरातल्या दुसऱ्या युजरच्या फाइली त्या बेरजेत येत नाहीत.

म्हणून विनडरस्टॅट किंवा विझट्री यांपैकी एक मोफत साधन उतरवून घ्या. उतरवताना त्या साधनाच्या मूळ साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींतून घेऊ नका. विनडरस्टॅट मुक्त स्रोताचं आहे. विझट्री फार झपाट्याने काम करतं आणि घरच्या वापराला मोफत आहे, ऑफिससाठी परवाना लागतो. कोणतंही घेतलं तरी आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नेच उघडा, नाहीतर कुलूपबंद फोल्डरं शून्य दिसतील आणि तुम्ही परत तिथेच याल. आकारानुसार क्रम लावा, पहिली दहा नावं कागदावर उतरवा. दोन दिवसांनी परत तेच करा. दोन यादींमधला फरक म्हणजे तुमचं उत्तर.

जागा डोळ्यांसमोर घटत असेल तर आणखी एक हत्यार आहे. विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘रेझमॉन’ (आर-ई-एस-एम-ओ-एन) टाइप करा. रिसोर्स मॉनिटर उघडेल. ‘डिस्क’ टॅबमध्ये ‘डिस्क अॅक्टिव्हिटी’ उघडा आणि ‘राइट’ या रकान्यावर क्लिक करून मोठ्यापासून लहान असा क्रम लावा. या क्षणी कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलमध्ये लिहितोय हे पूर्ण पत्त्यासकट दिसतं. हे विंडोजमध्येच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

क्लाउड: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी संशयित

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं की वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाउड, चालू होतो. विद्यार्थ्याचं किंवा नोकरीचं खातं असेल आणि त्यात आधीच्या चार वर्षांचे दोनशे जीबी पडलेले असतील, तर ते सगळे या नव्या मशीनवर दिसू लागतात. नुसतं दिसण्याला जागा लागत नाही. फाइलजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती इंटरनेटवरच आहे. पोकळ वर्तुळातली हिरवी बरोबरची खूण असेल तर उघडल्यामुळे ती खाली आली आहे. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण असेल तर ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ लावलेलं आहे आणि ती कायम डिस्कवर बसणार.

उपाय: वनड्राइव्हमधल्या मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’. फाइली ढगात राहतात, डिस्कवरची जागा सुटते. इथे नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक होते. जागा करायची म्हणून ते वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल डिलीट करतात. ती मग फोनवरून, जुन्या लॅपटॉपवरून, सगळीकडून जाते. घरगुती खात्यात वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस सापडते, त्यानंतर नाही. ‘फ्री अप स्पेस’ आणि ‘डिलीट’ हे दोन शब्द कधीही एक समजू नका.

गूगल ड्राइव्हचं संगणकावरचं अॅप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात. मिरर म्हणजे सगळ्याची प्रत डिस्कवर. १०० जीबीचा प्लॅन घेऊन ड्राइव्हमध्ये फोटो भरले असतील आणि मिरर लावला असेल तर १०० जीबी गेलेच. स्ट्रीम करा.

टेलिग्राममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अॅडव्हान्स्ड’, ‘मॅनेज लोकल स्टोरेज’ इथे कमाल मर्यादा ठरवता येते. २ जीबी पुरतात. व्हॉट्सअॅपच्या फाइली युजरच्या फोल्डरमधल्या ‘अॅपडेटा’, ‘लोकल’, ‘पॅकेजेस’ यांच्या आत असतात. त्या तिथून हाताने काढू नका, चॅट बिघडू शकतात. गणपतीत सोसायटीच्या ग्रुपवर आरतीचे व्हिडिओ येतात तेव्हा हा आकडा चटकन वाढतो. अॅपमधूनच मोठे व्हिडिओ पुसा.

आयफोन असलेल्यांसाठी एक गोष्ट. फोनचा बॅकअप संगणकावर घेतला असेल तर तो ‘अॅपडेटा’, ‘रोमिंग’, ‘अॅपल कम्प्युटर’, ‘मोबाइलसिंक’ इथे बसू शकतो. १२८ जीबीचा भरलेला फोन म्हणजे एका रात्रीत साठ-सत्तर जीबी.

विंडोजचं स्वतःचं ओझं

लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हाची विंडोजची आवृत्ती जुनी असते. घरी वायफाय मिळताच ती नव्या आवृत्तीवर जाते आणि जुनी ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवते. वीसेक जीबी यात सहज जातात. परत मागे जायचं असेल तर सोय म्हणून हे ठेवलेलं असतं आणि १० दिवसांनी विंडोज ते आपणहून काढतं. म्हणून नव्या मशीनच्या पहिल्या दोन आठवड्यांतली वाढ बघून फार घाबरू नका. घाई असेल तर ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’, ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ला टिक करून काढा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक टिकचं घर असतं. ते रिकामं आहे का हे दर वेळी बघा, नाहीतर हॉल तिकीट आणि मार्कशीट त्यासोबत जातील.

पावसाळ्यात डेस्कटॉप चालू असताना लाइट गेली आणि त्याच वेळी अपडेट उतरत होतं, तर अर्धवट फाइली मागे राहतात आणि तेच अपडेट परत परत उतरत राहतं. यासाठी विंडोज आणि आर, ‘सर्व्हिसेस.एमएससी’, यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधून ‘स्टॉप’. मग सी, ‘विंडोज’, ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’, ‘डाउनलोड’ या फोल्डरच्या आतलं सगळं काढा (फोल्डर नाही, आतलं). मग ती सर्व्हिस परत ‘स्टार्ट’ करा आणि अपडेट नव्याने घ्या. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आधी तो घ्या. पहिल्या पावसाच्या आधी घेतलेला बरा.

रिस्टोर पॉइंटची मर्यादा बघायला स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ टाइप करा, सी निवडा, ‘कॉन्फिगर’ दाबा. स्लायडर तीन ते पाच टक्क्यांवर ठेवा. बंद करू नका. चुकीचा ड्रायव्हर बसला की हेच वाचवतं.

हायबरनेशन वापरत नसाल आणि डिस्क २५६ ची असेल तर टर्मिनल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ’ अशी आज्ञा द्या. सहा-सात जीबी लगेच सुटतात. ठाण्याहून सीएसएमटीला लोकलने लॅपटॉप झोपवून नेणाऱ्यांनी मात्र हे करू नये. बॅटरी संपली तर उघडं काम जातं.

‘विनएसएक्सएस’ हे फोल्डर पंधरा-वीस जीबी दाखवतं आणि लोक ते पुसायला निघतात. त्याला हात लावायचा नाही. त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजच्या इतर फोल्डरांतही त्याच आहेत, फक्त दोन ठिकाणी मोजल्या जातात. पुसलं तर विंडोज चालू होणार नाही. त्यातलं खरंच जुनं काढायचं असेल तर ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ला टिक करा. अर्धा तास लागला तरी मध्ये बंद करू नका.

क्रॅशच्या फाइली पुसण्याआधी वाचा

सी, ‘विंडोज’ इथे ‘मेमरी.डीएमपी’ नावाची फाइल किंवा ‘लाइव्हकर्नलरिपोर्ट्स’ फोल्डरमध्ये मोठ्या फाइली सापडल्या तर थांबा. संगणक कोसळतो तेव्हा मेमरीची प्रत विंडोज डिस्कवर टाकतं, म्हणजे तुमच्या मशीनला काहीतरी झालंय. महिन्याभराच्या लॅपटॉपवर अशा चार-पाच फाइली वेगवेगळ्या तारखांच्या असतील तर जागेपेक्षा वॉरंटीचा प्रश्न मोठा आहे. तारखांचा स्क्रीनशॉट घ्या, फाइली पेन ड्राइव्हवर ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. रॅम किंवा एसएसडी सदोष असेल तर त्याचा माग यातून लागू शकतो. पुसून गेलात तर तिथे “सगळं ठीक आहे” एवढंच ऐकायला मिळेल.

लॉग फाइलचं तसंच. एका प्रोग्रामची लॉग फाइल रोज दोन जीबीने वाढत असेल तर तो दर सेकंदाला तीच चूक लिहितोय. फाइल पुसली तरी उद्या परत येईल. तो प्रोग्राम अपडेट करा किंवा काढून नव्याने टाका.

ऑफिसमध्ये प्रिंटर अडकला असेल तर ‘सिस्टम३२’, ‘स्पूल’, ‘प्रिंटर्स’ इथे अडकलेली कामं साठतात. ‘प्रिंट स्पूलर’ सर्व्हिस थांबवून आतल्या फाइली काढा आणि सर्व्हिस परत चालू करा.

सोसायटीच्या ऑफिसमधला संगणक

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या मोठ्या संकुलांत कमिटी नवा संगणक घेते आणि त्यावर कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर टाकून घेते. शुक्रवारी बसवलं, मंगळवारी-बुधवारी सी फुल. गणित बघा. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असं धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, आठ बिटांचा एक बाइट. एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे ८६. मोकळे चारशे जीबी पाच दिवसही पुरणार नाहीत.

मुख्य रेकॉर्डिंग डीव्हीआर किंवा एनव्हीआर या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये होतच असतं. संगणकावर फक्त बघायचं असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं ‘लोकल रेकॉर्डिंग’ बंद करा. संगणकावरही ठेवायचंच असेल तर वेगळी सर्व्हेलन्सची हार्ड डिस्क बसवा आणि ‘ओव्हरराइट’ चालू करा, म्हणजे जुनं आपोआप जाईल. ४ टीबीवर चार कॅमेऱ्यांचे साधारण ४६ दिवस मावतात. रेकॉर्डिंगचा पत्ता सी वरून त्या डिस्कवर बदलायला विसरू नका. डिस्क आणून बसवतात आणि पत्ता तसाच राहतो, असं वारंवार होतं.

ऐरोली-महापेच्या नोकरदारांसाठी आणि इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी

डब्ल्यूएसएल किंवा डॉकर वापरत असाल तर ‘व्हीएचडीएक्स’ शेपटीची एक प्रचंड फाइल सापडेल. ती आतून भरली की वाढते, पण आतलं पुसलं तरी आपणहून आकसत नाही. आधी डॉकरमध्ये ‘सिस्टम प्रून’ने न लागणाऱ्या इमेज काढा. मग डॉकर बंद करून ‘डब्ल्यूएसएल, स्पेस, दोन डॅश, शटडाउन’. त्यानंतर ‘डिस्कपार्ट’ उघडून त्या फाइलला क्रमाने सिलेक्ट व्हीडिस्क, अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली, कॉम्पॅक्ट व्हीडिस्क, डिटॅच व्हीडिस्क. शटडाउन न करता हे केलं तर फाइल वापरात आहे अशी चूक येते.

अँड्रॉइड स्टुडिओचा प्रत्येक एम्युलेटर कित्येक जीबी घेतो. प्रोजेक्टसाठी एकच ठेवा, बाकीचे ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून डिलीट करा. ऑनलाइन वर्गांची स्क्रीन रेकॉर्डिंग ‘व्हिडिओज’मधल्या ‘कॅप्चर्स’मध्ये पडलेली असू शकतात, तेही बघा.

काय टाकू नये, काय घेऊ नये

‘पीसी क्लीनर’ नावाची मोफत साधनं टाकू नका. रजिस्ट्री साफ केल्याने जागा मिळत नाही, आणि यातली बरीच आपल्याबरोबर आणखी दोन अॅप्स आणतात. दुकानातून क्रॅक केलेलं ऑफिस किंवा फोटोचं सॉफ्टवेअर टाकून मिळालं असेल तर ते काढा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं.

जागा अपुरी म्हणून बाहेरची डिस्क घ्यायची असेल तर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी ‘२ टीबी’ पेन ड्राइव्ह घेऊ नका. तिची चिप खरंतर ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि आकडा खोटा दाखवायला शिकवलेली असते. त्यापुढे टाकलेल्या फाइली दिसतात पण उघडत नाहीत. कोणतीही नवी डिस्क वापरण्याआधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या तपासणीच्या साधनाने पूर्ण भरून तपासा. मोठ्या डिस्कला रात्रभर लागतो. बिल जपून ठेवा, परत करायची मुदत संपण्याआधी ही चाचणी उरकून घ्या.

कारण सापडून दुरुस्ती झाली की ‘स्टोरेज सेन्स’ ही विंडोजची आपोआप साफसफाईची सोय चालू करा. ‘रिसायकल बिन’ ३० दिवस, ‘डाउनलोड्स’ला ‘नेव्हर’, आणि क्लाउडच्या फाइली ६० दिवस न उघडल्यास ढगात परत. एसएसडीवर किमान पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा. भरलेली एसएसडी लिहिताना जाणवण्याइतकी मंदावते. वही आणखी एक आठवडा चालू ठेवा, आता रोज एकच नोंद. आठवड्यात पाच जीबीपेक्षा कमी घट झाली तर ती नेहमीच्या वापराची आहे. जास्त झाली तर विनडरस्टॅटची नवी यादी काढून जुन्या यादीशेजारी ठेवा.